आखात म्हणजे आखात

१६ एप्रिल, ईस्टरचा रविवार

माझ्याच टेबलावर बसून, माझंच हॅम तिसऱ्यांदा वाढून घेऊन, ट्रिनानं आज माझ्या पाठीत खंजीर खुपसला. माझ्या भावाची ही दुसरी बायको. पहिली बरी होती असं नाही, पण ती निदान गप्प बसायची.

आमच्याकडे रीत आहे. ईस्टरचं जेवण झालं की नारळाचा केक कापायच्या आधी मम्मा सांगते, यंदा जूनच्या आठवड्याला समुद्रावर कुठं जायचं. सांगते म्हणजे काय, एकेचाळीस वर्षं एकच शब्द सांगत आलीय. आखात, खाली फ्लोरिडातलं. पपा होते तेव्हा त्यांच्याकडे बघून म्हणायची, ते गेल्यापासून माझ्याकडे बघून म्हणते. सगळे टाळ्या वाजवतात आणि मी केक कापते.

आज मी सुरी घेऊन उभी, आणि मम्मा म्हणाली, "यंदा महासागराकडे जावं म्हणते."

रॉइसनं टाळी वाजवली. माझा सख्खा भाऊ! ट्रिना ताटाकडे बघत बसली होती, अगदी गरीब गाय.

"महासागराकडे? ते कशाला?" मी विचारलं.

"एकदा पाय भिजवायचेत पाण्यात. ब्याऐंशी झाले, नेल्डा. आता आणखी किती ईस्टर विचारणार तुम्ही मला?"

"आखातातही पाणीच असतं मम्मा. भुसा नाही भरलेला."

तेव्हा गाईला वाचा फुटली. "तिकडची वाळू घट्ट असते, नेल्डा. मिस ओपलना बरं पडेल. मला वाटतं तुम्ही..." मम्माला ही मिस ओपल म्हणते.

"तुला कुणी विचारलं?"

"झालं सुरू," रॉइस म्हणाला.

केक मी कापला, पण ट्रिनाला कडेचा दिला. घट्ट वाळू म्हणे! राखेसारखी करडी असते ती. आणि लाटा अशा येतात की उभ्या माणसाला आडवं करतात. आमच्या आखाताची वाळू पिठीसाखर. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत जातं. आणि हिला ती नको.

१९ एप्रिल

तीन दिवस डोकं भणभणतंय. आज उलगडा झाला. ट्रिना ब्रन्सविकची. ब्रन्सविकहून महासागरातलं जेकिल बेट म्हणजे पुलापलीकडे. सरळ सांग ना बाई, माहेरी जायचंय! म्हातारीच्या खांद्यावर बंदूक कशाला?

जॉर्जियातल्या आमच्या सिल्व्हेस्टरपासून दोन्ही समुद्र सारखेच लांब, तीन तास इकडे, तीन तास तिकडे. म्हणून तर ही भांडणं. देवानं आम्हाला चार गावं अलीकडे नाहीतर पलीकडे टाकलं असतं तर प्रश्नच नव्हता.

शेल्बीला अटलांटाला फोन केला. पोटची पोर, तिनं तरी माझी बाजू घ्यावी. तर म्हणते, "मॉम, मला कुठंही चालेल. जूनीला वाळू मिळाली की झालं. ग्रॅनीला सोपं पडेल तिथं जाऊ." जूनी तिची पोरगी, माझी नात.

"सोपं म्हणजे? तिला काय डोंगर चढायचाय?"

"मॉम, ऑक्टोबरात तिचा खुबा मोडला. वॉकर घेऊन चालते ती."

जसं काही मला माहीतच नाही! त्या वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून कुणी लावले? मी. डॉक्टरकडे कोण नेतं? मी. रॉइस फक्त रविवारी येऊन गालाची पापी घेतो.

१४ मे, मदर्स डे

जिंकले.

चर्चमध्ये सगळ्या बायकांनी फुलं लावली होती, आई असेल तर लाल, नसेल तर पांढरं. मी लाल लावलं. पहिल्या बाकावरच्या मिस हॅटीनं पांढरं लावलेलं बघून मम्मानं माझा हात दाबला. वाटलं, हीच वेळ आहे.

घरी येऊन जुना अल्बम काढला. पपा छत्री रोवताहेत, रॉइस तीन वर्षांचा, नागडा, खेकड्याला भिऊन रडतोय. मम्मा प्रत्येक फोटोवर बोट ठेवत होती. मग मी म्हटलं, "शेल्बी म्हणते, आखात असेल तरच येईन. जूनीला तिथंच यायचंय."

थोडं खोटं बोलले. थोडं कशाला, पुरतंच बोलले. पण शेल्बी दोन वर्षांत आलेली नाही, आणि आखाताला ती येईलच हे मला ठाऊक आहे. मग ते खोटं कसं? फक्त आधी सांगितलं इतकंच.

मम्मानं अल्बम मिटला. "पोरगी येणार असेल तर मग काय," म्हणाली. "जाऊ आखातालाच."

संध्याकाळी ट्रिनाला मुद्दाम मीच फोन केला. ती एवढंच म्हणाली, "मिस ओपल पाण्यापर्यंत कशा जातील, याचा विचार केलाय ना तुम्ही?" नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय! मी म्हटलं, चाळीस वर्षं जातेय ती.

१० जून, शनिवार. आखात

आलो. घर तेच, हवा तीच, पायऱ्यांचा तोच करकर आवाज. मला रडूच आलं, पण ट्रिनासमोर कोण रडतंय.

निघतानाच भांडण. तिनं मम्माची चाकाची घडीची खुर्ची गाडीत मागे कोंबलेली. मी ती बाहेर काढून गॅरेजमध्ये ठेवली. शीतपेट्या कुठं ठेवायच्या मग? आणि वाळूत चाकं फिरतात कुठं? तेही ट्रिनाच म्हणाली, "तिथल्या वाळूत नाहीच फिरणार, पण निदान घरात..." नाहीच फिरणार ना? मग आणायची कशाला! बाईला बोलायचंही नीट कळत नाही.

दुसरं भांडण घड्याळाचं. सेंट जो गाव ओलांडलं की वेळेची रेघ लागते आणि घड्याळ एक तास मागे जातं. पपांनी कधी मागे नेलं नाही. "मी जॉर्जियाचा माणूस, फ्लोरिडानं मला वेळ शिकवू नये," म्हणायचे. म्हणून या घरातलं स्वयंपाकघरातलं घड्याळ आठवडाभर आमच्याच वेळेवर चालतं. मी आल्याआल्या ते लावलं. अर्ध्या तासानं बघते तर तासभर मागे!

"कुणी हात लावला?"

"मी," रॉइस म्हणाला. "नेल्डा, सगळ्यांचे फोन आपोआप बदलतात. दोन-दोन वेळा कशाला?"

"पपांच्या घरात..."

"हे पपांचं घर नाही. भाड्याचं आहे."

मी स्टुलावर चढून घड्याळ परत पुढे केलं.

शेल्बी आली. जूनी केवढी झाली! पाच वर्षांची चिमुरडी, पण जीभ तिखट, आमच्या वळणावर गेलीय.

१२ जून

मम्मा दोन दिवस व्हरांड्यातच बसून आहे. छान वारा येतो. सकाळी मी विचारलं, "काय सुंदर दिसतंय ना इथून?"

"हो," ती म्हणाली, "कॅलेंडरसारखं."

हल्ली तिचं बोलणं असं तिरकं असतं. म्हातारपण.

बाकी सगळे पाण्यात. मीही दोनदा जाऊन आले. वर बघून हात हलवला तर तिनंही हलवला. ट्रिना मात्र पाण्यात उतरत नाही, मम्माजवळ बसून मटार सोलते आणि दोघी हळू आवाजात बोलतात. मी गेले की गप्प. माझ्या आईला माझ्यापासून फोडतेय, दुसरं काय.

१३ जून

जूनीनं दुपारी सगळ्यांसमोर विचारलं, "ग्रॅनी पाण्यात का नाही येत? ती पनिशमेंटमध्ये आहे का?"

रॉइस हसला. हसण्यासारखं काय होतं?

मी म्हटलं, ग्रॅनी दमलीय. मम्मा म्हणाली, "मी अजिबात दमलेली नाही." रॉइस म्हणाला, मी उचलून नेतो. त्यावर ती तडकली, "शेंगांचं पोतं आहे का मी? चालत जाईन, नाहीतर जाणार नाही." ट्रिनानं फक्त माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. उद्या दाखवतेच तिला.

उद्या बुधवार, फोटोचा दिवस. सगळ्यांनी पांढरा सदरा घालायचा, सूर्य मावळताना पाण्याच्या काठाशी उभं राहायचं. दर वर्षीचा फोटो आहे माझ्याकडे, एकही चुकलेला नाही. मी सगळ्यांना बजावून सांगितलंय, साडेआठला पाण्यापाशी. मम्माला मी आधीच घेऊन जाईन. ते येतील तेव्हा ती घोटाभर पाण्यात उभी असेल, आणि बघू मग ट्रिना काय बोलते.

१५ जून, सकाळ

कालचं आज लिहितेय. काल रात्री वही उघडली आणि तशीच मिटली.

दुपारनंतर बाकीचे सगळे जवळच्या पनामा सिटी गावाकडे मिनी गोल्फ खेळायला गेले, जूनीसाठी. तिकडूनच पांढरे सदरे घालून थेट वाळूवर येणार होते. आठ वाजता मी मम्माला घेऊन निघाले. फळ्यांच्या वाटेवरून छान चालली. तिनं पांढरा स्कर्ट घातला होता, लिपस्टिकसुद्धा लावली होती. मला म्हणाली, "नेल्डा, मला लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय." वर्षभरात माझ्याशी इतकं गोड बोलली नव्हती.

फळ्या संपल्या, वाळू लागली. वॉकर टेकवला की आत. उपसून काढायचा, पुढे टेकवायचा, पुन्हा आत. दहा पावलांतच ती धापा टाकायला लागली. मी म्हटलं, वॉकर सोड, माझा हात धर. पंधरा पावलं आणखी गेलो. मग तिचा पाय रुतला आणि ती माझ्या अंगावरून घसरत बुडावर बसली. पडली नाही. बसली. मी पडू दिलं नाही.

पण उठवता येईना. काखेत हात घालून ओढलं, मागून ढकललं. जेवढं ओढावं तेवढी ती आणखी रुतायची. पाणी तीस पावलांवर होतं. फोन घरात चार्जिंगला.

म्हटलं, बसू, आत्ता येतीलच साडेआठला. माझ्या मनगटावरच्या घड्याळात साडेआठ झाले, कोणी नाही. पावणेनऊ झाले तरी कोणी नाही. सूर्य मावळला. इतकं सुंदर आकाश आणि फोटो काढायला कुणीही नाही. मला राग असा आला की मी मोठ्यानं शिव्या दिल्या, रॉइसला, ट्रिनाला, शेल्बीलाही.

एक नवराबायको फिरायला आले होते. माणूस धडधाकट होता. म्हणाला, "मॅडम, मदत करू का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, नको. आम्ही अगदी मजेत आहोत."

"नक्की ना?"

"बसलोय जरा हवा खात." आणि हसले सुद्धा. कुणी परक्यानं विचारलं की आमच्या घरात हेच उत्तर असतं, मम्मानंच शिकवलंय ते. घराला आग लागली तरी फाटकाशी आलेल्याला आम्ही हेच सांगू. ते गेले. मम्मा नुसती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

थोड्या वेळानं म्हणाली, "नेल्डा, मला बाथरूमला जायचंय."

मी पुन्हा ओढलं. खरंच ओढलं, माझा खांदा अजून ठणकतोय. नाही उठली.

मग ती म्हणाली, "राहू दे आता." मी बघितलं तर स्कर्टवर ओलं पसरत होतं. माझ्या आईचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. आणि ती काय म्हणाली? "घे बाई. झाले एकदाचे पाय ओले."

मी तोंड फिरवलं. काय करायला हवं होतं मी? मला सुचेचना काही.

ते आले तेव्हा अंधारून आलं होतं. रॉइसच्या फोनमध्ये साडेआठला दहा कमी, माझ्या घड्याळात नऊ वाजून वीस. त्याचे साडेआठ आणि माझे साडेआठ! "मावळल्यानंतरचा उजेड हवा असेल तुला, असं वाटलं आम्हाला," म्हणतो. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रिना सगळ्यांच्या पुढे धावत आली. मम्माकडे एकदा बघितलं. स्कर्टकडे बघितलं. जूनीच्या हातातली प्लास्टिकची बादली घेतली, पाण्याकडे पळाली, भरून आणली आणि सरळ मम्माच्या मांडीवर उपडी केली.

"अरे देवा! मिस ओपल, माफ करा, पाय घसरला माझा! सगळ्या भिजलात की हो!"

जूनी खिदळली. "मी पण! मी पण!" म्हणून तीही बादली आणायला पळाली. मम्मा डोक्यापासून पायापर्यंत भिजली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली, ट्रिनाचा हात घट्ट धरून. कुणाला काही कळलं नाही. रॉइसला नाही, शेल्बीला नाही. फक्त आम्हा तिघींना माहीत.

रॉइस आणि शेल्बीनं हाताची पाळणाखुर्ची करून तिला वर नेलं. पोतं वगैरे काही म्हणाली नाही ती. मी मागून वॉकर घेऊन चालत होते.

ट्रिनानं हे माझ्यासमोर मोठेपणा मिरवायला केलं, असं रात्रभर स्वतःला सांगून बघितलं. पटत नाही. एक बादली पाणी. माझ्यापासून तीस पावलांवर अख्खं आखात होतं, आणि मला ते सुचलं नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय, आणि तो कुणावर काढू हे कळत नाही, म्हणून ट्रिनावरच काढतेय.

१५ जून, दुपार

सगळं संपलं. न्याहारीला मम्मा म्हणाली, "शेल्बी, तुला आखातच हवं होतं म्हणून आले गं मी. नाहीतर माझ्या मनात नव्हतं."

शेल्बीनं लोणी लावता लावता हात थांबवला. "मी? मी असं कधी म्हटलं, ग्रॅनी?"

मग माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी. मी अंड्यांकडे बघितलं.

"मॉम," शेल्बी म्हणाली, "माझं नाव घेतलंस तू?"

मी म्हटलं, कुटुंब एकत्र राहावं म्हणून केलं. म्हटलं, पपांची आठवण. म्हटलं, या घरात चाळीस वर्षं सगळं मी करतेय, चादरी मी आणते, कोळंबी मी उकडते, आणि काल आलेल्या बाईनं मला वाळू शिकवावी? बरंच काही म्हटलं. ट्रिनाला मटारसोली म्हटलं. काही काही आता आठवत नाही.

मम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग नॅपकिननं तोंड पुसलं. "नेल्डा, मी तुझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. घर नव्हतं मागितलं, फोटो नव्हता मागितला. पाय भिजवायचं मागितलं होतं." मग रॉइसला म्हणाली, "जेकिलला जायला किती वेळ लागतो?"

"सिल्व्हेस्टरवरून खुर्ची घेऊन गेलो तर सहा-सात तास."

"मग माझी बॅग भर."

बारा वाजता रॉइसची आणि शेल्बीची गाडी गेली, माझी तेवढी दारात उरली. शेल्बी म्हणाली, "मॉम, तू पण चल ना." पण असं म्हणाली, जसं पाहुण्याला उठता उठता जेवून जा म्हणतात. मी म्हटलं, शनिवारपर्यंत घर आपलं आहे, कुणीतरी राहायला नको? ट्रिना सगळ्यात शेवटी आली. "नेल्डा, पुढच्या सीटवर जागा आहे," म्हणाली. मी दार लावून घेतलं.

१६ जून, शुक्रवार

शुक्रवारी आम्ही कोळंबी, मका, बटाटे, सॉसेज एकाच भांड्यात उकडतो आणि वर्तमानपत्रावर ओततो. मी सहा माणसांचं केलं. सवयीनं नाही, मुद्दाम केलं. व्हरांड्यात ओतलं आणि बसले. थोडं खाल्लं. बाकीचं समुद्रपक्ष्यांना घातलं तर ते आपसात भांडायला लागले, मग त्यांनाही हाकललं.

चार वाजता शेल्बीचा फोटो आला. मम्मा चाकाच्या खुर्चीत, खुर्ची थेट पाण्यात, रॉइस मागे दांडे धरून. वाळू अशी टणक की चाकांची नुसती रेघ उमटलीय, मागे लांबपर्यंत. मम्माच्या पोटऱ्यांपर्यंत लाट आलेली. जूनी आणि शेल्बी शेजारी. ट्रिना फोटोत नाही, मी शोधली. म्हणजे शेल्बीच्या नावानं पाठवलेला फोटो काढणारी तीच असणार.

मी फोटो मोठा करून करून बघितला. काहीतरी वाईट सापडेल म्हणून. मग फोन लावला. रॉइसनं मम्माच्या हातात दिला. मागून समुद्र एवढा मोठ्यानं वाजत होता की तिला दोनदा सांगावं लागलं, मी आहे, नेल्डा.

"पाणी गढूळ दिसतंय तिथलं," मी म्हटलं. अठ्ठावीस तासांनंतर आईशी बोलायला माझ्याकडे एवढंच होतं.

"गढूळच आहे," ती म्हणाली. "चहासारखं. पाय दिसतच नाहीत मला माझे. पण आहेत आत. चांगले कळतायत."

मला वाटलं, आता म्हणेल, तू ये. एकदा म्हणाली असती तर मी त्याच पावली निघाले असते, चादरीसुद्धा तशाच टाकून. मी फोन कानाशी घट्ट धरून थांबले.

"ठेवते गं," मम्मा म्हणाली. "मोठी लाट येतेय."